आपोआप सुरू झालेला पंखा

मंडळी, आज आमच्या घरी थोडक्यात निभावलं.

थेरगावातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरी कॉम्प्युटर फार तापतो, म्हणून मी त्याच्यामागे पंखा बसवला. सेन्सरला उष्णता लागली की तो आपोआप फिरतो. सकाळी नीट चालला, म्हणून कॉम्प्युटर चालूच ठेवून आंघोळीला गेलो.

तेवढ्यात बायको किंचाळली, "अहो, धूर! छकुली आत झोपलीय!"

तसाच धावलो. पंखा सुरू झाला होता आणि खिडकीचा पडदा पात्यांत अडकून मोटर जळत होती. शेजारच्या पलंगावर आमची तान्ही लेक. मी मेन स्विच पाडला, बायकोनं तिला उचललं.

लेक सुखरूप आहे. पण बायको विचारतेय, "आपण दोघं खाली गेलो असतो तर?"

जवळ लक्ष ठेवायला कोणी नसताना असं काही चालू ठेवायचा धीर तुम्हाला होतो?