अकरा नंबरच्या डब्यातले चिंचोके

माझ्या मामाचा डोंबिवलीत छोटासा छापखाना होता. अंगारे-धुपारे, नवस, भगतगिरी यांच्याविरुद्ध तो पत्रकं छापायचा आणि सात वर्षांचा असल्यापासून त्या पत्रकांच्या घड्या मी घालायचो. म्हणजे माझं बाळकडूच ते. तुमच्या मागच्या अंकात एका भगिनींनी विहिरीवर दिसलेल्या बाईची हकीकत लिहिली आहे, ती वाचून मी मोठ्याने हसलो... आणि मग गप्प बसलो. कारण माझ्याजवळही एक हकीकत आहे आणि तीन वर्षं ती लिहायचं मी टाळतो आहे. आधीच सांगतो, यात भिण्यासारखं काही नाही. मला भीती वाटली नव्हती. शिसारी आली होती, आणि ती अजून गेलेली नाही.

तेव्हा मी ठाण्यात एका प्रेसमध्ये मुद्रितं तपासायचो. ‘तरुणांनो, शरीर कमवा!’ असं एक पत्रक मीच लिहिलं होतं आणि एका रविवारी ते वाटायला कोलशेतला गेलो होतो. लिहिलंय तर आपणही पळून पाहावं म्हणून खाडीकडच्या मिठागरांच्या बांधावरून शंभर पावलं पळालो नसेन, तोच कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. समोरून डोक्यावर मिठाची टोपली घेतलेला एक जण जवळजवळ पळतच आला. माझ्याच वयाचा, उघडा, काळा, काटक. थांबला नाही. जाता जाता म्हणाला,

“काय भाऊ, कागद वाटून दम लागला?”

हा चांगो. टोपली टाकून परत आला तेव्हा मी त्याला पत्रक दिलं. त्याने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “शरीर कमवा... किती मिलतान त्याचं?”

त्याच सुमारास आमच्या गावातल्या एका व्यायाम मंडळाने जाहीर केलं की मुंबईच्या मॅरेथॉनसाठी ठाण्यातून तीन धावपटू पाठवायचे. सव्वीस मैल! निवडीसाठी तलावपाळीला, म्हणजे गावातल्या तलावाभोवती, वीस फेऱ्यांची शर्यत. मी पत्रक लिहिलेलं, म्हणजे आता पळणं भाग होतं. मंडळाचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते. त्यांनी नवशिक्यांना तीन उपदेश केले. पहाटे पावशेर तूप प्यायचं, पळताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि तोंड उघडायचं नाही. मी तिन्ही पाळले. चौथ्या दिवशी बाळकुमच्या रस्त्यावर एका गोठ्याला टेकून मी ते तूप ओकलो. तो वास आजही नाकात आहे. जवळ उभी असलेली म्हैससुद्धा बाजूला सरकली.

चांगोला हे सांगितलं तेव्हा तो हसून हसून बांधावर लोळायचा तेवढा राहिला. “तूप? तूप पिऊन म्हातारा तरी चालल का?”

पुढचे तीन महिने त्यानेच मला पळायला शिकवलं. कामाला जायच्या आधी, उजाडता उजाडता आम्ही बांधावरून पळायचो. त्याची आई तांब्याभर पातळ पेज द्यायची, चांगलं चिमूटभर मीठ टाकून. ती आम्ही वाटेत घोट-घोट घ्यायचो. टोपली वाहताना मिठागरातली माणसं दर चौथ्या पावलाला ‘हुं’ करून श्वास सोडतात. ते त्याने मला शिकवलं. आधी माझे पाय फुटले, मग नखं काळी पडली, मग एक दिवस लक्षात आलं की आपण आठ मैल पळालोय आणि बोलतोय. अर्थात चांगो माझ्यासाठी हळू पळत होता. एकटा सुटला की तो दिसेनासा व्हायचा.

“तू पण फॉर्म भर,” मी म्हटलं.

“आमचा घेतील?”

“का नाही घेणार? स्वराज्य आहे आता!”

मुंबईच्या शर्यतीत वर आलेल्याला रेल्वेत नोकरी लागते, असं त्याने ऐकलं होतं. त्याच्या मोठ्या भावाचे पाय मिठाने चिरून चिरून असे झाले होते की तो तिशीतच काठी घेऊन चालायचा. चांगोला मिठागरातून बाहेर पडायचं होतं, आणि पळणं ही एकच वाट त्याला दिसत होती. फॉर्म मीच भरला. त्याने सही केली, खूप वेळ घेऊन. त्याला अकरा नंबर मिळाला.

शर्यतीच्या दोन दिवस आधी चांगोचा फॉर्म परत आला. मी वकीलसाहेबांकडे गेलो.

“पेठे, शर्यत हौशी धावपटूंसाठी आहे,” ते शांतपणे म्हणाले. “जो अंगमेहनतीवर पोट भरतो, तो हौशी कसा? रोज ओझं घेऊन पळण्याचे त्याला पैसे मिळतात. म्हणजे तो धंदेवाईक झाला.”

“म्हणजे ज्याला पळता येतं त्याने पळायचं नाही?”

“नियम आहे. आणि शर्यतीनंतर पंक्तीला पोहे-चहा आहे. चांगल्या घरातली मुलं असतात. समजून घ्या.”

मी समजून घेतलं नाही, पण माझा फॉर्मही मी परत मागितला नाही. हे नमूद करून ठेवतो. मी घरी जाऊन या हौशी लोकांविरुद्ध एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि रविवारी सकाळी छातीवर सहा नंबर लावून तलावपाळीवर हजर राहिलो.

फेऱ्या मोजायची पद्धत अशी होती. तलावाच्या तीन कोपऱ्यांवर तीन पंच. प्रत्येकापुढे टेबल, टेबलावर नंबर चिकटवलेले पत्र्याचे डबे. धावपटू समोरून गेला की त्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. चौथ्या कोपऱ्यावर फीत, आणि तिथे स्वतः वकीलसाहेब. डब्यांवर नंबर आधीच चिकटवून झाले होते, त्यामुळे अकरा नंबरचा रिकामा डबाही तिन्ही टेबलांवर तसाच राहिला होता. छातीवर लावायचा अकरा नंबरचा कापडी तुकडा मात्र वकीलसाहेबांच्या टेबलाच्या खणात होता. तो मी स्वतः पाहिला होता.

सहावी-सातवी फेरी असेल. पुढच्या वळणावर मला ‘हुं’ ऐकू आलं. चार पावलं, हुं. चार पावलं, हुं. मग पाठ दिसली — उघडी, काळी, काटक — आणि मिठाने पांढऱ्या पडलेल्या, चिरलेल्या टाचा. मी घाबरलो? छे! मला असा आनंद झाला की विचारू नका. घुसला पठ्ठ्या! नियम झुगारून घुसला! मी हाकही मारली. त्याने वळून पाहिलं नाही. पुढे तो मला तीन-चारदा दिसला, नेहमी वळणावर, नेहमी पुढे.

मी तिसरा आलो. पहिला एक कॉलेजकुमार, दुसरा एका डॉक्टरांचा मुलगा, चौथा वकीलसाहेबांचा भाचा. चांगो कुठेच नव्हता. मला वाटलं, हाकलला असेल. मी तावातावाने वकीलसाहेबांच्या टेबलाकडे गेलो. तिथे तिन्ही कोपऱ्यांवरचे डबे आणून, ओतून मोजणं चाललं होतं. पहिल्या कोपऱ्यावरच्या अकराच्या डब्यात वीस चिंचोके. दुसऱ्या कोपऱ्यावरचा अकराचा डबा — वीस. तिसरा — वीस.

“बर्वे मास्तर, हे काय?” वकीलसाहेबांचा आवाज चिरका झाला होता. बर्वे मास्तर म्हणजे पहिल्या कोपऱ्यावरचे पंच, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. आयुष्यात त्यांनी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नव्हता.

“काय म्हणजे? अकरा नंबर गेला, टाकला. सगळ्यांच्या पुढे होता.”

“नंबर पाहिलात तुम्ही?”

“छातीवर होता. मी काय झोपलो होतो?”

बाकीच्या दोन पंचांनीही तेच सांगितलं. पण फितीपाशी अकरा नंबर कधीच आला नव्हता. वकीलसाहेबांनी एकदाही त्याला पाहिलं नव्हतं. आणि खणात तो कापडी तुकडा घडीसकट तसाच होता.

मी सायकल घेतली आणि चांगोला मिठी मारायला कोलशेतला सुटलो. तो बांधावर बसून भाकरी खात होता.

“जिंकलास रे!”

“काय?”

मुकादमाने सांगितलं की चांगो पहाटेपासून तिथेच होता. मीठ उचलायचे दिवस, एक खेप चुकली नव्हती. चाळीस माणसं सोबत होती. मी एकेकाला वेगळं काढून विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर. मी चांगोसमोर बसलो.

“सकाळी काही झालं तुला? चक्कर, झोप?”

“नाय. फकस्त आज टोपली लय हलकी वाटत होती,” तो म्हणाला. “राग आलेला म्हणून असल.”

इथे तुमच्या सदरातल्या इतर हकीकती संपतात. माझी इथून सुरू होते.

दोन दिवसांत गावभर झालं. पाहिलं म्हणणारे शंभर जण निघाले. त्यांना मी धरत नाही. वकीलसाहेबांच्या सौभाग्यवती टांगा करून कोलशेतला गेल्या आणि चांगोच्या आईची ओटी भरून आल्या. त्या माउलीला समजेना, हसावं की आत पळावं. मी मात्र मंडळाला पत्र दिलं: तुमचे पंच, तुमचे डबे, तुमचे चिंचोके. त्यांच्या हिशेबाने अकरा नंबर पहिला. त्याला मुंबईला पाठवा.

बैठक झाली. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“पेठे, तुम्ही तर नास्तिक! तुमचा विश्वास आहे यावर?”

“नाही. तुमचा आहे ना?”

“श्रद्धा घरी. इथे नियम आहेत. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, हे तुम्हीच छापता ना?”

सगळे हसले. जन्मभर मी जे ओरडून सांगितलं ते हे लोक मला ऐकवत होते, आणि मी चमत्काराची वकिली करत होतो! चांगोला बाहेर ओट्यावर बसवलं होतं. मी धावत त्याच्याकडे गेलो.

“नुसतं ‘धावलो’ म्हण. तीन पंच तुझ्या बाजूने आहेत.”

“खोटा कनाला बोलू, भाऊ?” तो म्हणाला. “मी मिठागरान होतो.”

त्याच्याकडे पाहायची मला लाज वाटली. त्याला आत बोलावलं. तो दाराशी उभा राहिला, आत या असं कुणी म्हटलं नाही. त्याने खरं ते सांगितलं. मग दोन्ही हात जोडून म्हणाला, “साहेब, झाला ता मना नाय ठावं. पन आता धावू द्या. आत्ता, तुमच्या समोर. वीस नाय, तीस फेऱ्या घ्या. मोजा.”

किती साधं होतं! तलाव पन्नास पावलांवर होता. घड्याळ वकीलसाहेबांच्या खिशात होतं. त्या खोलीत थोडी जरी लाज शिल्लक असती, तरी सगळे उठून बाहेर आले असते.

वकीलसाहेब उठले. दाराशी गेले. आणि वाकून त्याच्या पायांना हात लावला.

“तुम्ही कशाला धावता, महाराज? तुम्ही या धावण्याच्या पलीकडे गेलात.”

मागे कुणीतरी हार तयार ठेवला होता. तो त्याच्या गळ्यात पडला. चांगोने माझ्याकडे पाहिलं — बकऱ्याच्या गळ्यात हार पडल्यावर तो कसा पाहतो, तसं. पाया पडून झाल्यावर एकाने काही घाण लागल्यासारखी बोटं झटकली, तेही मी पाहिलं. शिसारी म्हणालो ती हीच. मी बाहेर जाऊन तलावाच्या पायरीवर बसलो.

मुंबईची माझी जागा मी नाकारली. चार पानी पत्र लिहून नाकारली. ते कुणी वाचलं नाही. वकीलसाहेबांचा भाचा गेला आणि अठराव्या मैलाला रस्त्याकडेला बसला, असं कळलं. चांगोला मी ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर भडकला.

“ह्या काय केलास? तीन महिने पेज पाजली ती चिठ्ठी लिवाला? तू तरी गेला असतास!”

मी त्या चार पानांची घडी घालून खिशात ठेवली.

चिंचोक्यांचं म्हणाल तर मी सगळं करून पाहिलं. पंच कट करतील असे नव्हते. तीन कोपऱ्यांवरून त्यांना एकमेकांचे डबे दिसत नव्हते. चांगोला जुळा भाऊ नाही. माझ्या कानांनी ‘हुं’ कल्पिलं असेल, मान्य. पण माझी कल्पना बर्वे मास्तरांच्या डब्यात चिंचोके कसे टाकेल? मामाला विचारलं. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, “माहीत नाही असं लिही. तेही छापता आलं पाहिजे.” म्हणून लिहितो आहे: मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात कोलशेतला गेलो होतो. बांधावर ओळीने, लोकांनी चांगोच्या नावाने फोडलेल्या नारळांच्या करवंट्या पडलेल्या. चांगो टोपली घेऊन येत होता. चालत. म्हाताऱ्यासारखा, पाऊल मोजत.

“चल, खाडीपर्यंत पळू,” मी म्हटलं. “कुणी नाही आत्ता.”

त्याने आधी मागे पाहिलं, मग पुढे. दूरवर दोन बाया पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या.

“धावलो तर पाया पडतान, भाऊ,” तो म्हणाला. “चाललो तर कामाला तरी जाऊ देतान.”