फिल्टर लावून आलेला माणूस

जगात स्थिर म्हणून जेवढ्या वस्तू आहेत, त्या सगळ्यांशी माझ्या बायकोच्या मामांचं वैर होतं. भिंतीतला खिळा त्यांना बघवत नसे. एका जागी आठ दिवस राहिलेलं बाक दिसलं की त्यांचा जीव कासावीस होई, आणि स्वतः मामा कुठं बसलेले आहेत असं तर मी लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते माझ्या सासऱ्यांना सांगत होते की मांडवाचं तोंड उत्तरेला फिरवलं तर वारा बरा येईल. मुहूर्ताला तेव्हा पाव तास राहिला होता. "बसलेल्या माणसावर धूळ बसते, जावईबापू," असं ते मला म्हणत, आणि म्हणताना एका हातानं शेजारच्या टेबलाचा कोपरा धरून ते किती हलकं आहे याचा अंदाज घेत.

असा माणूस कोणत्याही धंद्यात टिकला नसता, आणि मामा कोणत्याही धंद्यात टिकले नव्हतेच. निजामाच्या अमलात ते कचेरीत नकलनवीस होते. त्यांचं उर्दू अक्षर इतकं सुंदर होतं म्हणे, की ज्याच्यावर जप्ती यायची तोही हुकूमनामा दोनदा वाचत असे. रझाकारांच्या धामधुमीत ते बायकोला घेऊन सोलापूरला गेले आणि विलीनीकरण झाल्यावर परत आले, तेव्हा कचेरी तीच होती पण अक्षर बदललं होतं. पुन्हा धडे गिरवून परीक्षा द्या, असं सांगण्यात आलं. मामा उठले ते उठलेच. मग त्यांनी सायकली भाड्यानं दिल्या, तुळजापूरला देवळाच्या वाटेवर कवड्यांच्या माळा विकल्या, शिवणयंत्रांची एजन्सी घेतली, बार्शीत एका छापखान्यात भागीदारी केली. प्रत्येक धंदा नीट चालू लागला की मामांना त्या गावाची हवा मानवेनाशी होई. धंदा बुडून गाव सोडणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. धंदा बरा चालतो म्हणून गाव सोडणारे मामाच.

या सगळ्या बिऱ्हाडांतून मामींनी एक कढीलिंब सांभाळून नेला होता. तो रॉकेलच्या डब्यात लावलेला होता, कारण जमिनीत लावलेलं झाड बैलगाडीत घालता येत नाही, हे त्यांना पहिल्या दोन गावांत समजलं होतं. मामी हळू बोलत आणि कमी बोलत. घरात दोन माणसं असली आणि त्यांतलं एक सारखं चालतं असलं, तर दुसऱ्याला बसून राहावंच लागतं.

शेवटी मामांनी आमच्या गावात, कोर्टासमोर, कॉफीचं दुकान काढलं. पत्रावर आम्ही उस्मानाबाद लिहीत असू आणि बोलताना धाराशिव म्हणत असू. या दोन्ही नावांच्या गावात तेव्हा कॉफी पिणारं कुणीही नव्हतं. मामा सोलापूरच्या त्या वर्षात एका कानडी गृहस्थाच्या हॉटेलात कामाला होते आणि तिथून येताना कॉफीची विद्या आणि एक पितळी फिल्टर घेऊन आले होते. एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याला तळाशी बारीक भोकं. वर पूड आणि कढत पाणी घालायचं, आणि खाली थेंब थेंब काढा उतरेपर्यंत गप्प बसायचं. जिल्ह्यातल्या सर्वांत उतावळ्या माणसानं जिल्ह्यातलं सर्वांत संथ भांडं आपल्या पोटापाण्यासाठी निवडलं, याचं मला फार दिवस नवल वाटत होतं. फिल्टरवर खडूनं 'हात लावू नये' असं लिहिलेलं होतं. ही ताकीद मामांनी स्वतःसाठी लिहिली होती आणि ती मोडणारेही तेच. ते चमच्यानं त्याला टिचक्या मारत, झाकण उघडून आत बघत, खालचं भांडं कानाशी धरून हलवत. मग "आलोच" म्हणून एसटी स्टँडवर निघून जात. दर गुरुवारी सोलापूरच्या गाडीतून कंडक्टरच्या हाती ताज्या पुडीचा डबा येत असे. तो गुरुवारी येतो हे माहीत असूनही मामा मंगळवारपासून स्टँडवर जात.

त्यांच्या मागे गिऱ्हाइकंच दुकान चालवत. दूध उतू जाऊ लागलं की वकील उठत आणि कोट सांभाळत भांडं उतरवत. एकच अडचण होती. कुठली वस्तू कुठं आहे, हे कुणालाच सांगता येत नसे, कारण मामा दर आठवड्याला दुकान फिरवत. कधी चूल दारात, कधी मागच्या भिंतीला. एक निवृत्त शिरस्तेदार घड्याळाखालच्या जागेवर बसायचे. चाळीस वर्षं हुकूम सोडल्यामुळे बसण्यापूर्वी मागे बघण्याची सवय त्यांना राहिली नव्हती. मामांनी बाक हलवलं त्या दिवशी ते मोठ्या इतमामानं आले, उपरणं सावरलं आणि जमिनीवर बसले. उठवल्यावर म्हणाले, "मामा, आमची जागा?" मामा म्हणाले, "साहेब, जागा तिथंच आहे. बाक इकडं आलंय."

दुकानात चहा मिळत नसे. "चहा उकळावा लागतो, कॉफी उतरावी लागते," एवढंच कारण मामा सांगत. आता आमच्या भागातली रीत अशी, की उपासाच्या दिवशी कडक माणसं चहा सोडतात आणि कॉफी घेतात. चहानं मोडणारा उपास कॉफीनं का मोडत नाही, हे मी पुष्कळांना विचारलं. त्यांनी माझ्याकडं एखाद्या नास्तिकाकडं बघावं तसं बघितलं. त्यामुळे मंगळवारी आणि एकादशीला मामांच्या दुकानात उभं राहायला जागा नसे, आणि नेहमीच्या दिवशी कुणी कप हातात घेतला की रस्त्यावरून जाणारा विचारी, "आज काय धरलंय?" मामांना याचा लई राग येई. "खामखा माझ्या कॉफीला साबुदाण्याच्या पंगतीला बसवलंय," असं ते म्हणत.

तरी दुकान जमलं. दोन वर्षांत कोर्टातली माणसं उपास नसतानाही येऊ लागली, आणि नेमकी इथंच मामींना काळजी लागली. एक दिवस मी घरी गेलो तेव्हा त्या कढीलिंबाचा डबा कलता करून बघत होत्या. "जावईबापू, डबा गंजलाय. मुळ्या खालून बाहेर आल्यात," त्या म्हणाल्या. "आता याला बैलगाडी सोसायची नाही." मग डबा सरळ ठेवून म्हणाल्या, "त्यांनी दुसऱ्या गावाचं गुणगान चालू केलं की मला सांगा. तेवढं लक्ष ठेवा."

मला लक्ष ठेवावं लागलं नाही. पुढच्याच गुरुवारी मामा स्टँडवरून आले ते ढोकीचं नाव घेत. ढोकीला साखर कारखाना निघणार अशी बोलवा होती. "इंजिनिअर येणार, केमिस्ट येणार. सगळी कॉफी पिणारी माणसं. शिवाय रेल्वे आहे, जावईबापू. या कोर्टात काय आहे? तारखा." कारखान्याच्या बाजूनं माळावर सभा व्हायची होती, एक बडे पुढारी येणार होते, आणि सभा भरवणाऱ्या पाटलांनी मामांना शब्द दिला होता की साहेबांना कॉफी पसंत पडली तर रस्त्याकडेची मोक्याची जागा मामांची. मी हे मामींना सांगितलं.  त्यांनी डब्याखालून आलेल्या मुळ्यांवर थोडी ओली माती दाबली.

मी शाळामास्तर, आणि शाळेला सुट्टी होती म्हणून मामांनी मलाही नेलं. फिल्टर मी मांडीवर घेऊन एसटीत बसलो आणि मामा जागा असूनही उभे राहिले. माळावर मांडव होता, पताका होत्या, आणि पाटलांच्या वाड्यावर पुऱ्या आणि बुंदी चालली होती. तिचा वास मांडवापर्यंत येत होता. साहेब अडीच तास उशिरा आले. त्यांच्या मोटारीचं दार मीच उघडलं, तेव्हा आसनावर चिवड्याचा कागद होता आणि साहेबांच्या मिशीवर त्यातला खोबऱ्याचा एक तुकडा. ते उतरले, हार घातले गेले, आणि मामांनी त्यांच्या हातात कॉफी दिली. साहेबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि "वा" म्हणाले. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, आणि तसेच दुसऱ्या कपासाठी मांडवामागच्या चुलीकडं गेले. कढीलिंब पुन्हा बैलगाडीत चढला, असं मला दिसलं.

एवढ्यात मांडवाच्या कडेनं पाटलांच्या आई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पदर डोळ्यांवर. त्यांनी साहेबांच्या हातातला कप बघितला आणि मला हळूच विचारलं, "मास्तर, काफी घ्यालेत. सायबांचा उपास हाय व्हय?"

तो कोणत्याच देवाचा नसलेला बुधवार होता. चिवड्याचा कागद मी डोळ्यांनी बघितला होता. पण मी काही कोर्टात शपथेवर उभा नव्हतो. मी म्हणालो, "असंल, आजी. मोठी माणसं धरतात कधी कधी."

"आगं बया," म्हणून म्हातारी वाड्याकडं अशी गेली की तिला ऐंशी वर्षं झाली होती यावर माझा विश्वास बसेना. पुढचं सगळं तिनं पाहिलं. मांडवात पानं मांडली गेली. सगळ्यांच्या पानात पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी. साहेबांपुढं चांदीच्या ताटात भगर, दाण्याची आमटी आणि उकडलेलं रताळं. साहेबांनी ताटाकडं बघितलं, शेजारच्या पानाकडं बघितलं आणि तोंड उघडलं. पण तेवढ्यात सूत्रसंचालक लाउडस्पीकरवर गेले होते. "आज साहेबांचा कडक उपवास आहे. तरीसुद्धा या उन्हात ते केवळ आपल्यासाठी इथवर आले." टाळ्या पडल्या. मागच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं तर बसल्या जागेवरून हात जोडले. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि तेही हात जोडून उभे राहिले. जेवणानंतर ते संयमावर पाऊण तास बोलले. कारखान्याचा उल्लेख राहून गेला. बोलताना त्यांची नजर बुंदीच्या परातीवरून हलत नव्हती.

मोटार गेल्यावर पाटील मामांपाशी आले. साहेबांनी जाताना त्यांना काय ऐकवलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. "मामा, तुमची काफी ग्वाड हाय," ते म्हणाले, "पर तिचा पायगुण वंगाळ. जागेचं ऱ्हाऊ द्या."

परतीच्या एसटीत मामा बसले. खिडकीशी बसले आणि धाराशिव येईपर्यंत उठले नाहीत. फिल्टर त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला होता. घरी गेल्यावर त्यांनी मामींना एवढंच सांगितलं, "ढोकीची हवा दमट आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी आडाच्या कडेला खड्डा खणला, गंजका डबा पत्र्याच्या कात्रीनं कापला आणि कढीलिंब जमिनीत लावला. मामा दारात उभे राहून बघत होते. झाड दोन हात डावीकडं हवं होतं असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले नाहीत.

दुकान मग कोर्टासमोरच राहिलं. बाकं हळूहळू एका जागी थांबली, शिरस्तेदार पुन्हा न बघता बसू लागले. गावाला याचं बरं वाटलं. मलाही कधी कधी वाटलं, पुष्कळदा मात्र वाटलं नाही. पूड गावातच दळून मिळू लागली, तरी मामा गुरुवारी स्टँडवर जात, आणि कधी कधी मी त्यांच्याबरोबर जाई. अशाच एका गुरुवारी सोलापूरच्या गाडीच्या दांडीवर हात ठेवून ते उभे होते आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या म्हातारीला उपासाचं तुम्हीच सांगितलंत, जावईबापू."

मी गाडीच्या पाटीवरचं 'सोलापूर' वाचू लागलो.

"मी मांडवामागं चुलीपाशीच होतो. सगळं ऐकलं. तिला हाक मारली असती तर थांबली असती." त्यांनी दांडी अंगठ्यानं पुसली. "मुळ्या मीही बघितल्या होत्या."

कंडक्टरनं घंटी मारण्यापूर्वी मान बाहेर काढली. "मामा, चढा की. रिकामीच हाय गाडी."

"नाही बाबा," मामा म्हणाले, "फिल्टर लावून आलोय."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतला. फिल्टर त्या दिवसांत मामी लावत असत. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे मामांनाही.