वन्संच्या कॉलेजातला नियम

आज मनातलं लिहिते, हसू नका.

माझ्या नणंदबाई सैन्यात कर्नल आहेत. सध्या त्या सिकंदराबादच्या जुन्या लष्करी कॉलेजात शिकतायत. तिन्ही दलांचे वरिष्ठ अधिकारी पुढच्या मोठ्या पदांआधी तिथे व्यवस्थापन शिकतात. पंचेचाळिशीत पुन्हा विद्यार्थी, तेही भरपगारी. मी जळते, कबूल आहे.

आज दुपारी त्या आमच्याकडे हिमायतनगरला जेवायला आल्या. बेगम बाजारातलं आमचं मसाल्यांचं दुकान विकायचं की ठेवायचं, यावर सासरे आणि हे तावातावाने बोलत होते. मी पोळ्या वाढत होते.

वन्सं म्हणाल्या, "थांबा. आमच्या वर्गात सगळ्यांत धाकटा आधी बोलतो. मोठे आधी बोलले की बाकीचे नुसत्या माना हलवतात. वहिनी, तू सांग."

"हौ, सांग की," सासरे म्हणाले.

मला कुणी विचारत नाही, ही माझी अठरा वर्षांची तक्रार. आज सगळे हात थांबवून माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणाले, "तुम्ही ठरवाल तसं."

वन्संना ऐन वेळी बोलता येतं, त्याचाच तर खरा हेवा.

त्या गेल्यावर ओटा आवरताना मला नीट सुचलं. दुकान ठेवा, मी चालवते.

आता पुन्हा कुणी विचारायची वाट बघू, की जेवायला बसल्यावर आपणहून बोलू?