हिरव्या हिऱ्याची साल

कारखान्यात तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे साफसफाई. एकतीस वर्षं तिनं चाकावर हिरे घासले; तिच्या हातून गेलेल्या हिऱ्यावर कच्च्या सालीचा कण कुणी शोधून दाखवावाच! घरीही तीच तऱ्हा. नवऱ्यानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवायचा अवकाश, ही ते विसळून पालथं घालणार. "माझं टक्कल तेवढं घासायचं राहिलंय," तो म्हणे.

एक दिवस मालकांनी तिला आतल्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि कागदाची पुडी उघडली. आत हिरवा कच्चा हिरा. मावशीनं असला जन्मात पाहिला नव्हता. मालकांच्या वडिलांनी एकच पाहिला होता, तोही लांबून.

"किरणं सोडणाऱ्या खडकाशेजारी लाखो वर्षं पडून होता," मालक म्हणाले. "त्या किरणांनी रंगलाय, पण रंग नुसता सालीत. आत पांढराच. कमरेपाशी, म्हणजे मधल्या कडेला, थोडी साल तशीच ठेवा, तिच्यामुळे सगळा हिरवा दिसेल. ती गेली की संपलं. आणि कुठं बोलू नका. असा परत मिळायचा नाही, मावशी."

"काळजी सोडा, मालक."

नऊ दिवस ती जीव मुठीत धरून बसली. जेवणाचा डबा कधी उघडला, कधी विसरला. पैलू पडत गेले, कमरेवर तिळाएवढी खरबरीत साल राहिली आणि हिरा चहूबाजूंनी हिरवागार दिसू लागला. जिंकली की बाई! आता फक्त मालकांच्या हातात द्यायचा.

देण्याआधी तिनं नेहमीसारखं भिंगातून पाहिलं. खरबरीत डाग दिसला आणि हात आपसूक चाकाकडे गेला. थोडंसंच घासलं. आता काय म्हणावं याला? एकतीस वर्षांचा हात तो, तिला विचारतोय थोडाच!

उचलून पाहते तर हिरा पांढरा. ती तशीच मालकांच्या खोलीकडे निघाली, पण ते जेवायला गेले होते. वाटेत तपासनीस बाई बसल्या होत्या. त्यांना हिरव्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी सवयीनं तिच्या हातातला हिरा घेतला, भिंगाखाली धरला, दोनदा फिरवला.

"वा, मावशी! औषधालासुद्धा डाग नाही."

मावशी तिथंच टेबलावर डोकं टेकून रडायला लागली. बाईंना वाटलं, कौतुकानं भरून आलं.