चावी फिरून राहिली का?

नांदेड शहरात कशाकशाची ददात आहे हे मला ठाऊक नाही, पण समोर बसायला माणूस मिळत नाही म्हणून झुरणारा इसम तिथे एकच आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर कुणी देवधर्माला लागतं, कुणी बागेत जाऊन घोळक्यानं हसतं, कुणी सुनेला वळण लावायला घेतं. दाजींनी जुने कॅमेरे जमवायला घेतले. तेही रोलचे, आणि त्यात घालायचा रोल फक्त काळा-पांढरा. पुण्याच्या मुलीनं भारी मोबाईल पाठवला, तो त्यांनी गजर लावण्यापुरता ठेवला. रंगाचं एवढं काय वावडं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रंग तर बाजारात बी फुकट दिसून राहिलेत. त्याला कॅमेरा कशाला लागतो?" 

हे कॅमेरे ते बंद पडलेल्या स्टुडिओंतून आणतात. देगलूर, उदगीर, निलंगा, जिथे म्हणून एखाद्या फोटोवाल्यानं शटर ओढून मोबाईलचं दुकान टाकलं, तिथे दाजी एसटीनं हजर. देगलूरला तर घासाघीस अर्धी तेलुगूत झाली. दाजींना तेलुगू येत नाही आणि त्या म्हाताऱ्या फोटोवाल्याला तोवर ऐकू येईनासं झालं होतं, त्यामुळे सौदा दोघांच्याही मनासारखा झाला. कॅमेरा ज्या गावचा, ते त्याचं आडनाव. "आज उदगीरकरांना घेऊन गोदाकाठी जाऊन आलो", "देगलूरकरांना जरा कफ झालाय, खटका दाबला की खोकतात", असं त्यांचं बोलणं चालतं. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका भंगारवाल्याकडून मीच त्यांना एक कॅमेरा मिळवून दिला. त्याचं नाव अर्थात लातूरकर. मीही लातूरचाच. फोनवर ते सांगू लागले की, "लातूरकरांचं डोकं उघडून साफ केलं, आता बरे हायत," तर बायको माझ्याकडे जरा आशेनं बघते.

पाहुण्यानं त्यांच्या घरी उतरावं ते थंडीतच. रोल धुवायला पाणी गार लागतं, आणि नांदेडच्या उन्हाळ्यात नळाला येतं ते पाणी थेट चहात टाकण्याजोगं असतं. म्हणून घरात दोन माठ. त्यातला मोठा, वाळ्याचं फडकं गुंडाळलेला, सावलीतला, तो रोलचा. छोटा, दारापाशी उन्हात शेकत पडलेला, तो माणसांचा. मी एकदा चुकून मोठ्या माठात तांब्या बुडवला, तर दाजी आतून धावत आले आणि माझ्या हातातून तांब्या काढून घेत समजुतीच्या सुरात म्हणाले की, तुम्हाला तहान पुन्हा लागेल, हा रोल पुन्हा यायचा नाही. न्हाणीघर हीच डार्करूम. झरोक्याला घोंगडी ठोकलेली, वर लाल दिवा, आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. अंघोळ मान वाकवून, अंगावर बेतानं पाणी घेत उरकावी लागते. चुकून एखादी पट्टी पाठीला चिकटली तर दाजी पाहुण्याला पाठमोरा उभा करून ती अलगद सोडवून घेतात. साबणाला रोल धुवायच्या औषधाचा, म्हणजे हायपोचा वास आणि हायपोला साबणाचा, अशी तिथे आता तडजोड झाली आहे.

एवढा सगळा खटाटोप, आणि फोटो कुणाचे? तर कुणाचेच नाहीत. आपल्याकडे खेड्यापाड्यांत भिंतीवर काळा-पांढरा फोटो असतो तो गेलेल्या माणसाचा, वर हार घातलेला. त्यामुळे दाजींनी कॅमेरा उचलला की माणसं उठून चालू लागतात. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींनी तर तोंडावर पदर घेऊन सांगितलं, "आमाला आजून जायचं न्हाई, बाबा. तुमी पुढं चला." त्यात एक दुर्दैव घडलं. गल्लीतल्या एका निवृत्त हवालदारांनी कौतुकानं दाजींकडून फोटो काढून घेतला, मिशीला पीळबीळ देऊन, आणि महिना संपायच्या आत ते गेले. माणूस नव्वदीचा होता, पण दोष कॅमेऱ्याला लागला. वर तो फोटो इतका सुरेख आला होता की हार घालून बैठकीत तोच लावला. तेव्हापासून दाजींना बोलावणी येतात ती एकाच तऱ्हेच्या घरून, जिथे कुणी अंथरुणाला फार दिवस खिळलेलं असतं. दाजी जात नाहीत. वाईट त्यांना वाटतंच, पण ते बोलून दाखवत नाहीत.

मग त्यांनी गच्चीवर, जिन्याच्या खोलीच्या सावलीत, एक वेताची खुर्ची मांडली. तिथला उजेड म्हणे मऊ असतो. कुणी बसलं तर बसलं, म्हणून ती कायम मांडलेली. कुणी बसत नाही, म्हणून दाजी खुर्चीचेच फोटो काढतात. खुर्ची सकाळची, खुर्ची आभाळाची, खुर्चीवर कबूतर. कबुतराचे फोटो त्यांनी मोठ्या अभिमानानं दाखवले होते, कारण तेवढंच एक बसलं होतं. अल्बमच्या अल्बम रिकाम्या खुर्चीनं भरलेले मी पाहिले आहेत, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा हसू आलं, पण तिसऱ्या पानानंतर मला ते उलटवत नव्हते.

त्यांची दुसरी खोड म्हणजे एक प्रश्न. रोलच्या कॅमेऱ्यात दांडी ओढून रोल पुढे सरकवला की डाव्या अंगाची एक छोटी गोल चावी आपसूक फिरते. ती फिरली म्हणजे आत रोल धावतो आहे. फिरली नाही, तर रोल दात्यांत अडकलेलाच नाही आणि तुम्ही नुसतेच खटके मारत बसला आहात. हे त्यांनी मला इतक्या वेळा शिकवलं आहे की झोपेत विचारलं तरी सांगेन. पण दाजी तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. फोन उचलला की "कसे आहात" नाही, "काय लातूरकर, चावी फिरून राहिली का?" माझ्या गुडघ्याबद्दल, भाचीच्या नोकरीबद्दल, एकदा तर रिक्षात बसताना रिक्षावाल्याला. तो बिचारा खरोखर खाली वाकून चावी बघू लागला.

आक्का, म्हणजे दाजींची बायको आणि माझी मेव्हणी, होती तोवर या सगळ्याला घरात एक सोबत होती. ती या नादाची यथेच्छ टिंगल करायची, पण उन्हाळ्यात रोलच्या पाण्यासाठी बर्फ आणायला स्वतः कुल्फीवाल्याकडे जायची. फोटोला मात्र कधी बसली नाही. "रंगीत काढायचा आसंल तर काढा," म्हणायची. "काळा-पांढरा मागाहून लागलच की." ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला जो फोटो निघाला तो भाचीच्या लग्नातला, कुणाच्या तरी मोबाईलमधला, रंगीत. घोळक्यातून तिला कापून काढली, त्यात कुणाचा तरी कोपर तिच्या खांद्यापाशी राहून गेला. ज्या घरात कॅमेऱ्यांना ठेवायला जागा नाही, त्या घरात घरधनिणीचा फोटो परक्याच्या मोबाईलमधला. नातेवाईक यावर बरंच बोलले. दाजी त्यांना चहा देत राहिले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नांदेडला गेलो होतो. दुपारची जेवणं झाली, बायको भांडी आवरत होती, आणि दाजींनी मला न्हाणीघरात प्रिंट काढायला मदतीला घेतलं. लाल उजेडात मी ताटली हलवत होतो. पाण्यातल्या कागदावर हळूहळू खुर्ची उमटू लागली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, दाजी, त्या चावीचा एवढा धसका का घेतलात? एखादा रोल कोरा गेला तर जातो.

दाजींनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग माहूरचं सांगू लागले. आक्का जायच्या आधीच्या हिवाळ्यात दोघं रेणुकेच्या दर्शनाला गेली होती. उतरताना ती पायरीवर टेकली, आणि दमल्यामुळे म्हणा, देवीच्या तांबुलानं तोंड रंगलं होतं म्हणून म्हणा, आपण होऊन म्हणाली, काढा एकदाचा, तेवढाच मी दम खाते. दाजींनी घाईघाईनं रोल घातला आणि सुरुवात केली. तेवढ्यात एका वानरानं शेजारच्या बाईची पिशवी पळवली आणि आक्काला जे हसू फुटलं ते थांबेचना.

"ती हसून राहिली, मी काढून राहिलो," दाजी म्हणाले. "रोल संपंस्तोर काढलं."

"आणि घरी येऊन पाहिलं तर कोरा?"

"घरी येऊन कशाला? तिसऱ्या फोटोलाच कळलं मला. चावी फिरत नव्हती."

मी ताटली हलवायचा थांबलो. मग झाकण उघडून पुन्हा का नाही घातला, असं मी विचारलं.

"झाकण उघडलं आस्तं तर ती उठली आस्ती, साडूभाऊ," ते म्हणाले. "झालं ना, चला, म्हणली आस्ती. आन् ती बसली होती."

ताटलीतली खुर्ची तोवर पार काळी झाली होती. दाजींनी ती काढून टाकली आणि दुसरा कागद घेतला.

हे मी बायकोला सांगितलं. ती तशीच हात पुसत जिना चढली, आणि मी मागोमाग जाऊन बघतो तर गच्चीवर त्या वेताच्या खुर्चीत बसलेली. एरवी काळ्या-पांढऱ्या फोटोचं नाव काढलं तरी कानाला हात लावणारी बाई. खाली दाजींना हाक मारून म्हणाली, "दाजी, आणा तुमच्या कुण्या करांना. मी बसले." चेहऱ्यामोहऱ्यानं ती आक्कावर गेली आहे, वय होईल तशी जास्तच. दाजी जिन्यात क्षणभर उभेच राहिले. मग लातूरकरांना घेऊन आले. रोल घाईघाईनं घातला. "धाकले, मान जरा डावीकडं. हां. आसंच ऱ्हा." मग खटका, मग ओढणं, मग पुन्हा खटका. बायको पहिल्यांदा ताठ बसली होती, मग आक्काच्या कुठल्याशा आठवणीनं सैल झाली आणि हसू लागली.

मी शेजारीच उभा होतो. इतक्या वर्षांच्या शिकवणीनं नजर आपोआप डाव्या अंगाला गेली. चावी फिरत नव्हती.

मी गप्प राहिलो. दाजी काढत होते, ती हसत होती, आणि ऊन गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरेपर्यंत हे चाललं. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही तो प्रश्न विचारला नाही.

आम्ही लातूरला परतल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. रोल धुतला, कोरा निघाला, असं त्यांनी सांगितलं. आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं. मग म्हणाले, "तुमी जवळच हुबे होते. चावी दिसली न्हाई का तुमाला?"

"दिसली," मी म्हणालो.

"मग बोल्ले का न्हाई?"

"ती बसली होती, दाजी."

पलीकडून एक खटका दाबल्याचा आवाज आला. नांदेडच्या त्या घरात बोलणारं दुसरं कुणी नाही, त्यामुळे एवढासा आवाजही ऐकू येतो. मग ते हळूच म्हणाले, "मलाबी दिसून राहिली होती." आणि लगेच खाकरून, नेहमीच्या सुरात, की आता परत यावं लागतंय, धाकलीला सांगा, या खेपेला उदगीरकरांना काढतो.

येत्या रविवारी निघतोय. बायकोनं कपाटातल्या साड्या पलंगावर मांडल्या आहेत आणि दाजींसमोर बसायला जांभळी चांगली दिसेल की मोरपंखी, असं मला सकाळपासून विचारते आहे. मी मोरपंखी म्हणून सांगितलं.