बारवेचं शिसं

ये बाई, जवळ बस. कागदावर का होईना, बस. दिवाळीला आलीस तर अर्धा कप चहा पिऊन पळालीस, वर म्हणालीस, "मामी, तो पत्र्याचा डबा दे न भंगारात!" असं बोलू नये पोरी. त्यात काय आहे ते आधी ऐक.

सत्तर सालानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. किन्हीराजा गावाच्या वाटेवरच्या एका पडक्या बारवेचे दगड बंधाऱ्यासाठी काढत होते. तुझे मामा त्या कामावर होते. जुन्या लोकांनी दगडाला दगड शिसं ओतून सांधलेला. दगड फोडला की शिशाची गुल्ली निघायची. मामांनी त्या पिशवीभर घरी आणल्या. फौजेतून आलेला माणूस, घरी परवान्याची ठासणीची बंदूक, गोळ्या ओतायचा साचाही होता.

पुढच्या साली ज्वारी कणसावर आली आणि रानडुकरं उतरली. शेजारचं वावर एका रात्रीत लोळवलं. आमची तेवढीच ज्वारी. ती गेली असती तर वर्षभर खायचं काय?

मग गोळ्या ओतायला भर दुपारी अंगणात चूल पेटवली, वर लोखंडी कढई. मी गुल्ल्या पुसून देत होते. तुझी आजी, माझी सासू, बाजूला बसलेली. तिनं एक गुल्ली उचलली. अंगठ्याएवढी, एका टोकाला जाड, पुढे निमुळती, जराशी वाकडी.

"कोन्या बारवेची रे हे?"

मामांनी सांगितलं तशी ती गुल्ली बोटांत फिरवू लागली. लहानपणी त्या बारवेच्या पायऱ्या आपल्या लोकांना बंद होत्या. घागर घेऊन वर उभं राहायचं, कोणाला दया आली तर पाणी. आणि पुढं सभांमधून तिनं ऐकलेलं, की आपल्या माणसानं पोथी ऐकली तर त्याच्या कानात तापलेलं शिसं ओतावं, असं लिहून ठेवलं होतं म्हणे.

तिनं ती गुल्ली डाव्या कानात घातली. त्या कानानं तिला मुळीच ऐकू येत नसे.

काय सांगू बाई, नीट बसली! जशी तिथूनच काढलेली.

"हे दगडातलं नोय," आजी म्हणाली.

मामा हसले. "माय, म्या सोता दगडातून काढली. उद्या म्हनशीन, बंदूक पोथी वाचते!"

"मंग तूच लावून पाय."

त्यांनी चेष्टेनं लावली. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, हलेचना. मग गुल्ली काढून हात धोतराला पुसत बसले.

"काय आयकू आलं वो?" मी विचारलं.

"काई नाई. कढई उतरव."

"आन ज्वारी?"

आजी म्हणाली, "आत जे कोंडलं हाये ते कोनावर सोडता? राहू द्या. मी हावो ना राखनीले."

ती वावरातल्या माळ्यावर, मचाणावर बसू लागली, बहिरा कान वावराकडे करून. कुत्रं भुंकायच्या आधीच म्हणायची, "आले." आम्ही डबे बडवायचो, डुकरं धुऱ्यावरूनच, बांधावरूनच परतायची. कडेची ज्वारी गेली, बाकी सगळी घरात आली. मळणी झाली तसा तो कान पुन्हा बंद. कसा उघडला होता, हे आम्ही कोणी विचारलं नाही.

गुल्ल्या त्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या, त्या आजवर तशाच. आता आजी नाही, मामाही नाहीत. काय ऐकलं ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हल्ली मालेगावचा एक भंगारवाला दारात येऊन उभा राहतो. "आजी, शिसं देता का?" अगं, मी तो डबा कोणापुढे उघडलेला नाही. त्याला कसं कळलं? आणि परवापासून मलाही वाटतं, द्यायच्या आधी एक गुल्ली कानाला लावून पाहावी. एकटीनं धजवत नाही.

मालेगावहून बस आहे. लवकर ये बाई, आणि या खेपेला मुक्कामाला ये.