खोकला व इतर विषय

"काका, टीबी आहे, पण पूर्ण बरा होतो, घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्याच दमात त्यांनी विचारले, "घरात लहान कोण आहे?"

पहिल्या वाक्याने मी डगमगलो नाही. दुसऱ्याने मात्र माझ्या तोंडचे पाणी पळाले. घरी माझी नात होती, दीड महिन्याची. आमची मुलगी वैशाली बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि ती चिमुरडी रोज संध्याकाळी माझ्याच खांद्यावर झोपत असे. इतर कोणी थोपटलेले तिला चालत नसे, याचा मला फार अभिमान होता.

ज्यांच्या घरी एखादा खोकला मुक्काम ठोकून बसला आहे, त्यांनी पुढील हकीकत लक्षपूर्वक वाचावी.

मी एका सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहून देतो. माझी शाळा नववीत सुटली, भाषा सुटली नाही. माझ्या हातचा अर्ज वाचताना साहेबांना खुर्चीत नीट बसावे लागते, असे जाणकार सांगतात. या व्यवसायाचा पहिला नियम असा की, एका अर्जात एकच विषय असावा. माणूस समोर बसतो आणि नळाच्या पाण्यापासून शेजाऱ्याच्या कुत्र्यापर्यंत सर्व गाऱ्हाणी ओततो. त्यातील एक निवडायचे, त्याचे कारण मांडायचे, मागणी करायची आणि उरलेले गाळायचे. अन्यथा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

दिवाळीनंतर मला खोकला सुरू झाला. सदाशिव पेठेतील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मी याच नियमाने गेलो. विषय, खोकला. कारण, कचेरीसमोरील खोदकामाची धूळ. मागणी, औषध. त्यांनी तपासून बाटली दिली आणि बजावले की, आठवड्याभरात थांबला नाही तर परत या, एक्स-रे काढू. मी परत गेलो नाही. औषधाच्या दुकानातून तीच बाटली पुन्हा आणली, आणि संपली की पुन्हा आणली. मागणी मंजूर झाल्यावर साहेबांना पुन्हा कशाला भेटायचे, असा माझा विचार होता.

दरम्यान संध्याकाळी अंग कोमट लागू लागले. पहाटे बनियन घामाने चिंब होऊ लागले. विजारी सैल झाल्या. हे मी स्वतंत्र विषय मानले. ताप हवापालटाचा, घाम जाड गोधडीचा, आणि पोट उतरणे ही तर या वयात अभिनंदनाची बाब.

"पट्ट्याला भोकं पाडायला जागा उरली नाही. आता सुतळी बांधा," आमची सौ. म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

मग एका सकाळी बेसिनमध्ये थुंकीत रक्ताची बारीक रेघ दिसली. मी नळ सोडला, परंतु सौ. मागेच उभी होती. तिने पदर खोचला, कुलपाची किल्ली वैशालीकडे दिली आणि मला रिक्षात घालून रुग्णालयात नेले.

डॉक्टरीणबाईंनी काय त्रास होतो असे विचारले. मी घसा साफ करून म्हणालो, "धुळीच्या कारणाने उद्भवलेला खोकला..."

"यांचं राहू द्या हो, मी सांगते," सौ. म्हणाली आणि तिने ताप, घाम, विजारी, ताटात उरणारी अर्धी भाकरी आणि ते रक्त, सर्व एका श्वासात सांगितले. हे विषय वेगवेगळे आहेत, असे मी निदर्शनास आणून दिले.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "माणूस एकच आहे ना, काका? मग सगळं एकाच कागदावर येऊ द्या."

त्याच दिवशी चेस्ट एक्स-रे, म्हणजे छातीचा फोटो निघाला. पाठोपाठ स्पुटम टेस्ट झाली, म्हणजे थुंकीची तपासणी. तोंडातील लाळ चालत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका द्यावा लागतो. अहवाल आला तेव्हा बाईंनी ती दोन वाक्ये उच्चारली, जी मी आरंभी दिली आहेत.

घरी येऊन वैशालीला सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने बाळाला उचलले, आतल्या खोलीत गेली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही आता इकडे येऊ नका." दार लागले. मी तोंडाला मास्क लावून बाहेरच्या खोलीत, उघड्या खिडकीशी बसलो. आत बाळ रडत होते. ती त्याची झोपायची वेळ होती.

दुसऱ्या दिवशी सौ. व वैशाली बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. मी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर थांबलो. आयुष्यभर इतरांच्या विनंत्या मी सुबक शब्दांत मांडल्या. त्या दिवशी स्वतःसाठी मला एकही वाक्य पुरे करता आले नाही.

वैशालीच फाटकापर्यंत आली. थोड्या अंतरावर उभी राहिली. "बाळाला आजार नाही. माझंही सगळं ठीक आहे," ती म्हणाली. जंतू शरीरात शिरलाच असेल तर त्याने डोके वर काढू नये, म्हणून बाळाला प्रतिबंधक औषध सुरू झाले होते. गोळीची पूड आईच्या दुधात कालवून रोज द्यायची. मी मान हलवली. मास्क असल्यामुळे चेहरा दिसला नाही, ते बरेच झाले.

माझ्या गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळाल्या. लघवी नारिंगी झाली. ती औषधाने होते, भिऊ नये. काही आठवड्यांत ताप गेला, भूक परतली आणि मंडईतून मटार आणल्यास वाटेतच अर्धे संपू लागले. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे बाईंनी सौ.ला सांगितले. मला सांगितले नाही.

बाळाला घेण्यास बाईंची परवानगी लवकर मिळाली, वैशालीची नाही. दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासली, तीत जंतू आढळले नाहीत, तेव्हाच ती खोलीचे दार उघडून आली आणि तिने बाळाला माझ्या खांद्यावर ठेवले. बाळाने मला ओळखले नाही. भोकाड पसरले. मी ते ऐकत राहिलो. आवाज खणखणीत होता.

वाचकहो, दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला धुळीच्या नावावर खपवू नका. थुंकी तपासून घ्या. रक्त दिसले तर तेवढेही थांबू नका. माझ्या शेजारी बसणारे मुद्रांकविक्रेते रोजच्या डोकेदुखीवर बाम चोळत असत. दुखणे वाढत चालले आहे आणि डोळ्यांपुढे अंधुक होते असे कळताच, मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे धाडले. सोबत त्यांच्या पत्नीलाही पाठवले, कारण पूर्ण हकीकत तिलाच ठाऊक होती. एका अर्जात एकच विषय हा नियम कचेरीपुरता आहे. तपासणीच्या खोलीत सर्व विषय न्यावेत, आणि ते सांगणारे माणूस घरचे असेल तर त्याला बोलू द्यावे. त्या डॉक्टरीणबाईंचा मी ऋणी आहे, सौ.चा तर आहेच, परंतु तसे तिला सांगितल्यास ती मला पुन्हा तपासायला नेईल.

काल संध्याकाळी नात खांद्यावर झोपता झोपता खोकली. एकदाच. माझा थोपटणारा हात थांबला.

"बाबा, दुधाचा ठसका आहे," वैशाली म्हणाली.

"असू दे. पण कधी आला ते लक्षात ठेव," मी म्हणालो.

"ठेवलंय," स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. "तुम्ही थोपटा."